कागदाची खळ

आषाढातली दुपार. चिरनेरच्या अलीकडच्या एका गावात, एका आजीच्या ओटीवर मी मांडी घालून बसलो होतो. आजी धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात एकेका विधीचे धवले तिच्याच तोंडून यायचे, आणि तेव्हा तिचं वय ऐंशीच्या पुढे गेलेलं. पाऊस खळ न घेता पडत होता. ती एक ओळ म्हणायची, डोळे मिटायची, पुढची आठवेपर्यंत थांबायची. तिच्याबरोबर माझं पेनही थांबायचं, निब कागदाला टेकलेली. तिथे निळा ठिपका आधी मुगाएवढा व्हायचा, मग वाटाण्याएवढा, आणि त्याच्या कडेने बारीक मुळं फुटायची. पान उलटलं तर पाठीमागे सगळं उमटलेलं. आजीने डोळे उघडून वहीत पाहिलं आणि म्हणाली, "बाला, तुजी शाय पसरली बग."

वही महागातली होती. मुंबईतल्या एका प्रदर्शनातून हौसेने घेतलेली. हातकागद, त्यात गुलाबाच्या पाकळ्या दाबलेल्या, चामड्याचं वेष्टन, वर पितळी कडी. भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची लाँच सुटल्यापासून उतरेपर्यंत मी ती पिशवीतून चारदा काढून पाहिली होती. त्या पावसाळ्यात मी तिच्यात अकरा धवले उतरवले. दिवाळीच्या सुट्टीत वाचायला बसलो तर त्यातले चार धड लागेनात. पाकळ्यांभोवती तपकिरी डाग पडले होते, कडी हिरवी झाली होती, आणि अक्षरं एकमेकांत मिसळली होती.

तेव्हापासून, म्हणजे गेली बावीस वर्षं, मी माझ्या वह्या स्वतः शिवतो. ओळखीचे लोक मागतात तर त्यांनाही शिवून देतो. शाईच्या पेनसाठी वही कशी निवडायची, असं विचारणाऱ्याला मी एकच सांगतो: आधी खळ बघा, बाकीचं मागून.

हे मला उरणच्या बाजारपेठेतल्या एका बाइंडरकाकांनी शिकवलं. शाळांची हजेरीपत्रकं आणि दुकानदारांच्या चोपड्या बांधण्यात त्यांचं आयुष्य गेलं. मी ती बिघडलेली वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी कव्हराकडे पाहिलंसुद्धा नाही. एका कोऱ्या पानाचा कोपरा जिभेच्या टोकाला लावला, उजेडात धरला आणि मला दाखवला. ओला भाग लगेच तेलकट कागदासारखा आरपार दिसू लागला होता. मग फळीवरची एक जुनी खतावणी काढली, तिच्या कोऱ्या पानाला तसंच केलं. तिथे ओल नुसती वर बसून राहिली. "ह्याला खळ आहे. तुझ्या कागदाला नाही," ते म्हणाले. "जाडीवर जाऊ नको, टीपकागदही जाडच असतो."

कागद म्हणजे तंतूंची गच्च बसलेली जाळी. कापसाच्या चिंध्यांचा लगदा पाण्यात कालवायचा, साच्याच्या जाळीवर उचलायचा, पाणी निथळू द्यायचं, दाबायचा, वाळवायचा. एवढंच करून थांबलं तर हाती येतो तो टीपकागद. त्याच्या तंतूंना पाण्याची तहान असते. ही तहान आवरायची म्हणजे खळ द्यायची. एक तर लगद्यातच राळ आणि तुरटी मिसळायची, किंवा तयार तावावर पिठाच्या खळीचा नाहीतर जिलेटिनचा हात फिरवायचा. राळ-तुरटीचा कागद आंबटपणामुळे वर्षांनी पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो, म्हणून आता लगद्यात घालायला आंबटपणा नसलेली वेगळी द्रव्यंही मिळतात. वहीवर छापलेला जीएसएमचा आकडा फक्त वजन सांगतो. दीडशे जीएसएमच्या बिनखळीच्या कागदावर शाई फुटते आणि सत्तर जीएसएमचा चांगल्या खळीचा कागद तीच शाई नीट झेलतो.

आपल्याकडे हे ज्ञान जुनं आहे. जुन्नरला आणि दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात कागदी लोक जुने दोर, जाळी, गोणपाट कुटून कागद करत. पुण्याच्या कसबा पेठेत कागदीपुरा आहे, तो याच धंद्याच्या नावाने. ओला ताव चुन्याच्या गुळगुळीत भिंतीवर चिकटवून वाळवत, त्याला खळ देत आणि मग गुळगुळीत दगडाने किंवा शंखाने घोटत. घोटला की पृष्ठभाग मिटतो, बोरू अडखळत नाही. मोडी लिहिणारा कारकून हात न उचलता ओळ ओढायचा, त्याला असाच कागद लागे. गो. स. सरदेसाईंनी पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ भाग १९३० ते १९३४ या काळात काढले, ते त्या कागदांवरची अक्षरं दीड-दोनशे वर्षांनीही जागच्या जागी होती म्हणून. माझ्या अकरापैकी चार धवल्यांची अक्षरं एक पावसाळाही टिकली नव्हती.

त्यात एक फरक मात्र आहे. मोडी कारकुनाची शाई काजळी आणि डिंकाची. काजळीचे कण कागदाच्या वर बसतात. फाउंटन पेनमध्ये ती चालत नाही, फीडमध्ये अडकते. पेनची शाई म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग. दि. प. दांडेकरांनी १९३१ मध्ये सुरू केलेल्या कॅमलिनची कॅमल शाई आमच्या पिढीच्या दप्तरात असायची, तीही तशीच. पाणी जिथे जाईल तिथे हा रंग जातो. त्यामुळे खळीची खरी परीक्षा बोरूपेक्षा शाईच्या पेनकडे.

काकांच्या सांगण्यावरून मी पुण्याला गेलो. शिवाजीनगरला के. बी. जोशींनी १९४० मध्ये उभी केलेली हातकागद संस्था आहे. वर्ध्याहून १९३४ पासून ग्रामोद्योगाची जी हाक गेली होती, तिला दिलेला तो पुण्याचा प्रतिसाद. वसंत कृष्ण वैद्य यांनी संविधानाची हिंदी प्रत ज्या कागदावर हाताने लिहिली, तो पुण्याच्याच हातकागद केंद्रातला. तावांच्या थप्पीपुढे मी पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा नुसता हात फिरवत राहिलो. मग एकेक ताव कोपऱ्यात धरून झटकून पाहिला. खळीचा कागद बोलतो, खणखणीत. बिनखळीचा फडक्यासारखा लोंबतो. उजेडात धरला की लगदा सारखा बसलाय की ढगाळ आहे ते दिसतं. ढगाळ तावात विरळ जागी शाई खाली उतरते आणि दाट जागी वर राहते, एकाच ओळीत दोन रंग दिसतात.

आणि पेन स्वतःचं घेऊन जायचं, तेही जाड, ओली निब असलेलं, रोजच्या शाईने भरलेलं. बारीक निबेने कुठलाही कागद पास होतो. नुसती सही करून भागत नाही. मी एक ओळ सावकाश ओढतो, त्याच ओळीवरून पुन्हा जातो, आणि मग निब टेकवून मनात पाचपर्यंत मोजतो. धवलारीण थांबते तेवढा तो वेळ. ठिपक्याची कड गोल राहिली तर कागद माझा. लिहिताना निबेच्या चिरेत तंतू अडकतोय का तेही बघायचं. तंतू अडकला की अक्षराची रेघ केसाळ होते, आणि लोक उगाच पेनला दोष देतात.

पुण्यात एप्रिलमध्ये ही सगळी परीक्षा पार केलेला कागद मी दोन फळ्यांमध्ये बांधून पनवेलपर्यंत आणला, तिथून एसटीने घरी. वही शिवली, आणि जुलैत तिच्यावर शाई पुन्हा फुटली. पहिल्या वहीइतकी नाही, पण फुटली.

हे उरणचं हवामान. तिन्ही बाजूंनी खाडी आणि समुद्र, मध्ये मिठागरं. वाऱ्यातून आलेला क्षार भिंतीवर, कपड्यांवर, कागदावर बसतो आणि हवेतली ओल ओढून घेतो. पावसाळ्यात इथे ताव नरम पडतो, कडा लाटांसारख्या होतात, झटकला तर आवाज येत नाही. आधीच ओल प्यायलेल्या तंतूंपाशी खळीची पकड ढिली होते. म्हणून आता मी नवा कागद आणला की लगेच शिवत नाही. दोन ताव स्वयंपाकघरातल्या दोरीला चिमट्याने टांगतो, बाकीचे फळ्यांत. आषाढात टांगलेल्या तावावर आणि फळीतल्या तावावर एकच ओळ लिहितो. दोन्ही ओळी सारख्या दिसल्या तरच त्या कागदाची वही होते. कोकणपट्टीत राहणाऱ्याने वही दिवाळीत घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. दिवाळीत सगळेच कागद चांगले वागतात.

खळ थोडी कमी असेल तर ती घरी वाढवता येते. मार्चमध्ये, हवा कोरडी असताना, लिटरभर कोमट पाण्यात वीसेक ग्रॅम जिलेटिन विरघळवायचं, परातीत ताव बुडवून निथळायचा, दोरीवर वाळत घालायचा. अर्धवट ओला असतानाच दाबाखाली ठेवला तर सरळ राहतो. मग मोठ्या कवडीने घोटायचा. कवडी फिरताना आधी खरखर वाजते, हळूहळू आवाज मऊ होत जातो आणि तो बंद झाला की हात थांबवायचा. त्यापुढे घोटलं तर शाई वरच राहते, पावसाळ्यात दहा दहा मिनिटं वाळत नाही आणि तळहाताला लागते. खळ हे कसरीचं आणि बुरशीचं खाद्य, हेही विसरायचं नाही. काका आपल्या खळीत मोरचूद घालायचे. मी विष घरात आणत नाही, हात पातळ ठेवतो आणि दसऱ्यानंतर वह्या उन्हाच्या कडेला उघड्या करून ठेवतो.

बांधणीबद्दल थोडंच. पिना मारलेली किंवा तारेची वही इथे घेऊ नका, दुसऱ्या पावसात गंजाचे डाग पानावर येतात. जुजांची, म्हणजे दुमडलेल्या तावांच्या घड्यांची, शिवलेली वही घ्या. हातकागदाच्या चार तावांची एक घडी, म्हणजे आठ पानं, यापेक्षा जाड जूज केला तर वही मधोमध सपाट उघडत नाही आणि पेन दरीत उतरतं. दोरा मेण लावलेला. पुठ्ठा साधा, वर सुती कापड. पितळ नको.

त्या चार धवल्यांसाठी मी पुढच्या वर्षी पुन्हा आजीकडे गेलो. तिने म्हटले, पण दोन धवले पहिल्यासारखे आले नाहीत. एकात नवरीच्या मामाचं नाव घ्यायची जागा बदलली होती, दुसऱ्यात मध्येच एक अख्खं कडवं नवं होतं. आधी काय होतं ते मला आठवत नव्हतं, तिलाही नाही. फुटलेल्या शाईत भिंग धरून जे लागलं ते लागलं. आजी आता नाही. नव्या वहीत तिने दुसऱ्यांदा म्हटलेले धवले स्वच्छ आहेत. जुन्या वहीतली ती पानं मी सुटी करून या नव्या वहीच्या शेवटी वेगळा जूज म्हणून शिवली, मध्ये टीपकागद घालून.