आपल्याच लेकराचा कागद

शाळेतून निवृत्त झाल्यापासून आम्हांला एक उद्योग जडला आहे. बुलढाणा जिल्ह्यातील आमच्या गावी आठवडी बाजाराच्या दिवशी, ज्यांना लिहिता येत नाही अशी माणसे अर्ज लिहून घेण्यासाठी आमच्या ओसरीवर येतात. रेशनकार्ड, पीकविमा, सातबाऱ्यावरचे नाव, असे साधे विषय असतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका दिवशी एक शेतमजूर आला. बाकीची मंडळी उठून जाईपर्यंत तो कोपऱ्यात गप्प बसून राहिला. मग त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीतून एकच कागद काढून आमच्यापुढे ठेवला.

वसतिगृहात राहणाऱ्या त्याच्या मुलीवर अत्याचार झाला होता. गाव, वर्ष आणि संस्था आम्ही मुद्दामच सांगत नाही. गुन्हा नोंदवला गेला होता, मुलीची वैद्यकीय तपासणी झाली होती, वसतिगृहाची चौकशीही झाली होती. त्याच्यापाशी मात्र फिर्यादीची एक पुसट प्रत तेवढी होती. चौकशीत काय निघाले, डॉक्टरांनी काय लिहिले, कोणाकोणाला आधीपासून ठाऊक होते, हे विचारण्यासाठी तो मजुरी बुडवून सात वेळा कचेरीत गेला होता. दर वेळी एकच उत्तर मिळाले : गोपनीय आहे. आणि कोर्टाच्या व्हरांड्यात आरोपीच्या वकिलाच्या हातात त्याने त्याच प्रकरणाचा जाडजूड गठ्ठा पाहिला होता.

"पोरगी माही, गुरुजी," तो म्हणाला, "अन् तिचा कागद त्याइच्या हातात. मलेच कोनी दाखवत नाही."

त्यावर आम्ही काय म्हणालो, ते आठवले की आजही मान खाली जाते. "साहेब म्हणतात तर असेल गोपनीय," एवढेच आम्ही बोललो. तो उठून गेला. ती रात्र आम्हांला जड गेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही एका परिचित वकिलांना गाठले. त्यांनी जे दाखवले त्याने आमचे डोळे उघडले. आरोपीला दोषारोपपत्राच्या नकला विनामूल्य मिळाव्यात, असे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतच लिहिले होते, आणि ते न्यायाचेच होते. पीडिताविषयी मात्र तेथे तसा शब्द नव्हता. तथापि बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या ९९ व्या कलमात दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत. मुलाविषयीचे जे अहवाल बालकल्याण समितीपुढे येतात ते गोपनीय राहतील. परंतु समितीला योग्य वाटल्यास त्यांचा सारांश ती मुलाला वा त्याच्या आईवडिलांना कळवू शकते. आणि लगेच पुढे म्हटले आहे की, पीडिताला त्याच्या प्रकरणाची नोंद, आदेश व संबंधित कागदपत्रे नाकारली जाणार नाहीत. कचेरीतील मंडळींनी कलमाची पहिली ओळ वाचून पुस्तक मिटले होते.

तेव्हापासून कायदा आणखी पुढे आला आहे. पोक्सो कायद्याच्या २०२० च्या नियमांनुसार पोलिसांनी मुलाला व पालकांना त्यांच्या हक्कांचा छापील नमुना द्यावा लागतो. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवावी लागते. आणि पीडिताचा वकील असेल तर दोषारोपपत्राच्या नकला आरोपीप्रमाणे त्यालाही मिळतात. वकील करण्याची ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण तो विनामूल्य देते.

आमच्या जिल्ह्याला हा विषय परका नाही. २०१६ च्या दिवाळीनंतर खामगाव तालुक्यातील पाळा येथील आश्रमशाळेचे प्रकरण उघडकीस आले. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलेल्या एका आदिवासी मुलीने आपल्या माणसांना जे सांगितले, त्यातून ते बाहेर पडले. अनेकांना अटक झाली, विशेष तपास पथक नेमले गेले. आम्हांला आठवते ती वर्तमानपत्रांची गर्दी. त्या शाळेत ज्यांच्या मुली होत्या, अशा दूरदूरच्या वस्त्यांवरील आईबापांच्या मनात त्या दिवसांत काय चालले असेल? आपल्या मुलीचे नाव त्या चौकशीत आहे काय, हे विचारायला त्यांनी कोणाच्या दारी जावे?

अर्थात दुसरी बाजू आहेच. सगळीच घरे सुरक्षित नसतात. कधी अत्याचार करणारा घरातलाच असतो, आणि ज्या शेजारणीने वा शिक्षिकेने धीर धरून कळवले तिचे नाव त्याच्या हाती पडणे घातक ठरते. म्हणून सगळे कागद सगळ्या नातलगांपुढे उघडावेत, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ते कोणी ठरवायचे? इंग्लंडमध्ये लिव्हरपूल येथे सरकारी देखरेखीखाली वाढलेल्या ग्रॅहम गॅस्किन यांनी मोठेपणी स्वतःच्या बालपणाची फाइल मागितली. तिच्यात ज्यांनी माहिती दिली त्यांची संमती नाही, म्हणून ती पूर्ण मिळेना. १९८९ साली युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने निर्णय दिला की, माहिती देणाऱ्यांचे संरक्षण रास्त आहे. परंतु नकाराचा अखेरचा शब्द एखाद्या स्वतंत्र अधिकाऱ्याचा असला पाहिजे. कपाटाची किल्ली ज्याच्याकडे, त्यानेच न्याय करू नये, एवढाच याचा अर्थ.

आपल्या ख्रिस्तसभेनेही हा धडा उशिरा आणि दुःखाने घेतला. डिसेंबर २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी अशा अत्याचारांच्या तक्रारी, खटले व निर्णय यांवरील 'पाँटिफिकल सीक्रेट' उठवले. पीडितांच्या अब्रूसाठी लागणारी गुप्तता राहिली. सत्य अडवणारी गेली. हे आपल्या घरचे आहे, म्हणून ते इतरांआधी आपणच बोलले पाहिजे.

या सगळ्या काळात याईराच्या मुलीची कथा आमच्या मनात घोळत होती. प्रभू येशूने रडणाऱ्या-ओरडणाऱ्या गर्दीला बाहेर काढले, आणि हे कोणाला कळू देऊ नका, असेही शेवटी बजावले. परंतु मुलीच्या खोलीत जाताना त्याने तिच्या आईला आणि बापाला बरोबर घेतले. गुप्तता कोणासाठी आणि कोणाविरुद्ध, याचे याहून स्पष्ट उत्तर आम्हांला सापडलेले नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी आम्ही त्या माणसाला शोधून काढले. त्याला विनामूल्य वकील मिळाला आणि काही महिन्यांनी नकला हाती आल्या. आमच्या ओसरीवर दार लोटून आम्ही त्या त्याला वाचून दाखवल्या. वैद्यकीय अहवालाशी आल्यावर त्याने हात वर केला. "आता पुरे, गुरुजी. बाकीचं तिले वाटन तवा तीच वाचन. तिले शिकवतोच हाय मी."

त्या नकला त्याच्या घरी पत्र्याच्या पेटीत आहेत. ती मुलगी त्या वाचील की नाही, हे तिचे ती ठरवील. वाचकहो, आपल्या धर्मग्रामात असा एखादा बाप किंवा आई दारी आली, तर आमचे ते पहिले उत्तर तुम्ही देऊ नका. अर्जाचा कागद पुढे ओढा आणि त्यांच्याबरोबर कचेरीपर्यंत चला.