तुटण्याआधी ढिला झालेला बोल्ट

मालट्रकच्या चाकांना बसणारे हादरे मुख्यतः दोन अवयव सोसतात: पोलादी पट्ट्या एकावर एक रचून केलेली कमान, जिला गॅरेजमध्ये नुसते ‘पाटे’ म्हणतात, आणि धक्काशोषक, ज्याला ‘शॉकप’ या नावाने ओळखले जाते. भार वाहणे हे पाट्यांचे काम असते. शॉकप भार वाहत नाही, तर खड्ड्यातून निघाल्यावर पाटे जे वरखाली हेलकावत राहतात ते हेलकावे, आतले तेल बारीक छिद्रांतून दाबून नेत, थोपवतो आणि त्यांची ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकतो. म्हणूनच शॉकप निकामी झाला तरी ट्रक जागेवर बसत नाही, चालत राहतो, आणि त्याला धरून ठेवणाऱ्या बोल्टाकडे तो तुटेपर्यंत कोणाचे लक्ष जात नाही.

रिसोड तालुक्यातील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळून आकसते, त्यामुळे तिच्यावरून गेलेले रस्ते जागोजागी दबून लाटांसारखे उंचसखल होतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची पोती भरलेले ट्रक याच रस्त्यांवरून बाजार समितीकडे येतात. प्रस्तुत लेखकाच्या कुटुंबाच्या जुन्या ट्रकचा पुढचा डावा शॉकप अशाच एका हंगामात, लोणारकडून रिसोडला येताना, खालच्या टोकाला सुटून लोंबू लागला. “पाटे त चांगले हायेत, मंग चालते न गाडी,” हे चालकाचे मत सोयीचे असले तरी अपुरे होते, कारण हेलकावणारे चाक रस्त्यावर घट्ट टेकत नाही आणि टेकत नसलेल्या चाकाला ब्रेक व स्टिअरिंग दोन्ही नीट जुमानत नाहीत.

गॅरेजमध्ये चाकांना दगड लावून, जॅकवर विसंबून न राहता चेसिसखाली लाकडी ठोकळे देऊन शॉकप उतरवला, तेव्हा बोल्टाचे डोके हाती आले आणि उरलेला तुकडा ब्रॅकेटच्या आटे पाडलेल्या छिद्रात पृष्ठभागाच्या पातळीलाच अडकून राहिला. डोक्याकडच्या तुकड्याचे तोंड पुसल्यावर त्यावर दोन वेगळे भाग स्पष्ट दिसले: एका कडेपासून अर्ध्याहून अधिक भाग शिंपल्यावरच्या रेषांसारख्या वलयांचा, गुळगुळीत आणि गंजाने तपकिरी पडलेला, तर उरलेला भाग फुटलेल्या गुळाच्या ढेपेसारखा खरबरीत आणि चकाकणारा. पहिला भाग म्हणजे अनेक महिने इंचाइंचाने नव्हे, केसाकेसाने सरकत गेलेली भेग, आणि दुसरा म्हणजे उरलेल्या धातूने शेवटच्या खड्ड्यात एकदम सोडलेला दम. एका झटक्याने न तुटणारे लोखंड लहान पण उलटसुलट ताणांच्या लाखो फेऱ्यांनी तुटते, या प्रकाराला धातूचा शिणवटा म्हणतात; प्रशियात ऑगस्ट व्होलर या अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून तो पद्धतशीरपणे मांडला.

मिस्त्रींनी हा इतिहास न सांगता त्याचे सार एका वाक्यात सांगितले: “बोल्ट आज तुटला भाऊ, पन ढिल्ला आंधीच झाल्ता.” शॉकपच्या डोळ्यात रबरी बुश असतो आणि त्याच्या आत लोखंडी नळी, बोल्टाने ही नळी ब्रॅकेटशी इतकी घट्ट दाबून धरायची असते की सारी हालचाल रबराच्या पिळातच व्हावी. पकड सैल झाली की नळी बोल्टावर आपटू लागते, बोल्ट प्रत्येक खड्ड्याला वाकतो, आणि भेग आट्यांच्या पहिल्याच खाचेत जन्म घेते, कारण ताण तिथे एकवटतो.

अडकलेला तुकडा काढण्यासाठी आधी तारेच्या ब्रशने गंज खरवडून त्यावर डिझेल सोडले आणि रात्रभर मुरू दिले. सकाळी बॅटरीची जोडणी काढून, तुकड्यावर एक नट ठेवून त्याच्या पोटातून वेल्डिंग केले. या रीतीत नट हे पान्यासाठी नवे डोके ठरते, आणि वेल्डिंगची उष्णता आट्यांमधला गंज फोडते. पहिला नट पाना लावताच निखळला. दुसरा मात्र धरला, आणि तुकडा पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे असा खेळवत बाहेर निघाला. तुकडा असाही निघाला नसता, तर मधोमध ड्रिल घालून त्याचा चुरा करणे एवढाच मार्ग उरला असता.

छिद्रातले आटे टॅप फिरवून साफ केल्यावर १६ मिलिमीटरचा नवा बोल्ट निवडताना त्याच्या डोक्यावरचा ८.८ हा छाप पाहिला गेला. त्यातील पहिला अंक दर चौरस मिलिमीटरला सुमारे ८०० न्यूटन एवढी ताणशक्ती दर्शवतो, तर दुसरा सांगतो की त्या शक्तीच्या ८० टक्क्यांपर्यंत बोल्ट कायमचा लांबत नाही. बिनछापाच्या बोल्टाबद्दल असे काहीच सांगता येत नाही. बुशही नवा घातला, कारण जुन्याचे रबर चिरून छिद्र लंबगोल झाले होते आणि त्यावर कितीही चांगला बोल्ट पुन्हा सैलच पडला असता. शेवटची आवळणी ट्रक ठोकळ्यांवरून उतरवून, चाकांवर वजन आल्यानंतरच केली गेली, कारण अधांतरी आवळलेले रबर ट्रक उभा असतानाही पिळलेलेच राहते आणि लवकर फाटते.

काम संपल्यावर मिस्त्रींनी बोल्टाच्या डोक्यावरून ब्रॅकेटवर उतरणारी पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढली. आठ दिवसांच्या फेऱ्यांनंतर ट्रकखाली पुन्हा वाकून पाहिले असता ती रेघ मध्येच किंचित तुटलेली, म्हणजे बोल्ट थोडा फिरलेला आढळला. २४ च्या पान्याने तो पुन्हा आवळून नवी रेघ ओढली गेली, आणि ती पुढच्या तपासणीत सरळ दिसली. आधीच्या बोल्टावर अशी रेघ कधी नव्हती, आणि असती तरी ती पाहायला मालकांपैकी कोणी गाडीखाली वाकले नव्हते.