तीन खुर्च्या

आमच्या तेरला माणूस मोजायची एक सोपी रीत आहे. तो शिकला किती, हे कुणी विचारत नाही. बसतो कुठल्या खुर्चीवर, हे विचारतात. बँकेतल्या कारकुनाची खुर्ची या हिशेबात स्टुलातच जमा होते, ते सोडा. पण वकिलाची खुर्ची बरी, आमदाराची भारी आणि जज्जाची सर्वांत भारी, यावर गावात दुमत नाही. आता या तिन्ही खुर्च्या एकाच माणसाला मिळाल्या तर? वकील असताना कायद्यातली पळवाट शोधायची, आमदार झाल्यावर ती बुजवायची आणि जज्ज झाल्यावर ती मुळात होती की नव्हती, ते ठरवायचं. सगळं घरचंच दुकान!

असा एक माणूस खरोखर होऊन गेला. काशिनाथ त्र्यंबक तेलंग. जन्म १८५० चा, मुंबईचा. १८७२ पासून हायकोर्टात वकिली. १८८४ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात सभासद. त्या वेळी निवडणूक नव्हती, सरकारच नेमणूक करी. म्हणजे मतदाराला एकही नमस्कार न घालता आमदारकी! १८८३ साली इल्बर्ट बिलावरून देश पेटला होता. गोऱ्या आरोपीचा खटला हिंदी न्यायाधीशापुढे चालावा की नाही, असा वाद. तेलंगांनी मुंबईत त्या बिलाच्या बाजूनं भाषण ठोकलं, आणि सहाच वर्षांनी, १८८९ साली, स्वतः हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. वकिलीच्या मधल्या वेळात गीतेचं इंग्रजी भाषांतरही करून टाकलं होतं. आम्ही मधल्या वेळात चहा पितो.

"मुंबईच्या तेलंगांचा तेरला काय उपयोग?" असं कुणी म्हणेल. तर संबंध आहे, आणि तोही तांब्यावर कोरलेला. कोकणचे शिलाहार राजे स्वतःला 'तगरपुरपरमेश्वर' म्हणवून घेत. राज्य ठाण्याकडे, पण दारावर पाटी तगराची! पुण्याला दोन खोल्यांत राहून 'तेरकर' अशी पाटी लावणाऱ्यांची परंपरा इतकी जुनी आहे. या घराण्यातल्या अनंतदेवाचा शके १०१६ चा ताम्रपट खारेपाटणला सापडला. तो वाचून छापला तेलंगांनी. त्या वेळी तगर नेमकं कुठलं, यावर विद्वानांचं भांडण चालू होतं. कुणी जुन्नर म्हणे, कुणी देवगिरी. तगर म्हणजे तेर, हे फ्लीटसाहेबांनी १९०१ साली मांडलं. तेलंग तोवर वारले होते. आमच्या गावाची केस अशी उशिरा निकालात निघाली.

पण तेरकरांना तेलंगांची ओळख पटेल ती वाटणीच्या दाव्यावरून. कुलकर्णी घराण्यातला एक दावा त्यांच्यापुढे आला. बाप अजून भावकीत एकत्र आहे आणि त्याची वाटणीला संमती नाही. अशा वेळी पोराला हिस्सा मागता येतो का? बाकीचे न्यायमूर्ती म्हणाले, नाही. तेलंगांनी मिताक्षरा उघडली आणि वेगळा निकाल लिहिला, की पोराचा हक्क आहे. बहुमत पलीकडे, मुंबई इलाख्यात नियम त्यांचाच चालला. तिन्ही खुर्च्या भोगलेला माणूस मतमोजणीत पडला!

याहून अवघड दावा घरात होता. तेलंग सुधारक. संमतिवयाच्या कायद्याचे पाठीराखे. १८८६ च्या एका व्याख्यानात त्यांनी सांगितलं होतं, की सुधारणेनं जिथं विरोध कमी तिथून आधी वाट काढावी. घरात मात्र अशी वाट नसते. १८९३ साली त्यांनी मुलीचं लग्न लहान वयातच लावून दिलं. घरच्या मंडळींचा आग्रह. टीकाकारांनी हे सोडलं नाही, आणि का सोडावं? त्या पोरीला तर कुणी साक्षीलाही बोलावलं नव्हतं. त्याच वर्षी १ सप्टेंबरला तेलंग गेले, वय अवघं त्रेचाळीस. त्यांच्या जागी हायकोर्टात रानडे आले.

मला वाटतं, चौथी जागाच खरी अवघड. घरात खुर्ची नसते, पाट असतो. कोर्टात बहुमताविरुद्ध लिहिलेला कागद निदान पुस्तकात राहतो. घरात बहुमताविरुद्ध बोललं, की जेवण गार होतं. पण ज्या माणसाला कोर्टात एकट्यानं 'नाही' म्हणता आलं, त्याला पाटावर बसून ते म्हणता आलं नाही, आणि किंमत मात्र मोजली तिसऱ्याच जीवानं. हे वाचल्यापासून मी तेलंगांना हसायला जातो, आणि हसू घरी जाईपर्यंत टिकत नाही.

ही सगळी हकिकत मी परवा काउंटरवर एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला सांगितली. त्यांच्या स्वतःच्या वाटणीचा दावा बरीच वर्षं चालू आहे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, पासबुक कोपरीच्या खिशात घातलं आणि विचारलं,

"सायेब, ते समदं खरं. पर त्या कुलकर्ण्याच्या पोराला जमीन घावली का न्हाई?"