द्रोणागिरीचा ससा

उरणजवळच्या द्रोणागिरी डोंगराविषयी अशी आख्यायिका आहे की, मारुतिराय संजीवनीचा पर्वत घेऊन जात असता त्याचा एक तुकडा येथे गळून पडला. म्हणूनच की काय, गढवालातील ७०६६ मीटर उंचीच्या मूळ द्रोणागिरीविषयी काही वाचावयास मिळाले की, मी ते आपल्याच गावचे वर्तमान समजून वाचतो.

गेल्या कार्तिकात आमच्या डोंगराच्या उतारावर फिरत असता पायाजवळच्या गवतातून एक ससा उसळून निघाला. हा ससा बीळ करीत नाही. दिवसभर उंच गवताच्या आडोशास दबून बसणे हेच त्याचे संरक्षण. पंधरवड्याने पाहतो तो शेळ्यांनी तो उतार अगदी भुंडा केलेला! मी शेळ्यांच्या धन्यास चांगलेच फैलावर घेतले. माझे संपेपर्यंत तो म्हातारा स्वस्थ उभा राहिला व मग म्हणाला, "गुरुजी, कवळा पाला सशालाबी लागतो. शेळ्या चरून गेल्या की मागनं तो येतो. पन दडायला जागा पायजे, म्हणून त्या घळीत मी शेळ्या घालत नाय."

घळीतील गवत कमरेइतके उभे होते. जन्मभर इतरांस शिकविणाऱ्या मला उत्तर सुचले नाही.

मग मी हिमालयातील कुरणांविषयी वाचू लागलो. गढवालात वृक्षरेषेवरील या कुरणांस बुग्याळ म्हणतात. तेथे खडकांच्या फटींत पायका नावाचा सशाचा बिनशेपटीचा, चिमुकला भाऊबंद राहतो. तो हिवाळ्यात शीतनिद्रा घेत नाही. त्यास बारमाही चारा लागतो. मेंढरांनी कुरण खरडून नेले, तर त्याने काय खावे? १९८२ साली नंदादेवी राष्ट्रीय उद्यान झाले व तेथील चराई बंद पडली. परंतु त्याबरोबर पहाडी लोकांची उन्हाळी कुरणेही गेली.

तिबेटच्या पठारावर तर उलटाच न्याय झाला. कुरणे उजाड होऊ लागली, तेव्हा दोष तेथील पायकावर आला व विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यास विष घालण्यात आले. पुढे अभ्यासकांस दिसून आले की, याक-मेंढरांनी गवत आखूड केले म्हणजेच हा पायका फोफावतो, कारण उघड्या रानात त्यास शत्रू लांबून दिसतो. शिवाय त्याच्या बिळांत पक्षीही घरटी करतात!

तात्पर्य, एकास जे रान मोकळे हवे, तेच दुसऱ्यास दाट हवे. सरसकट चराई किंवा सरसकट बंदी, दोहोंनीही कोणी तरी उपाशी राहतेच. आमच्या मातोश्री पंगत उठण्यापूर्वी मागाहून येणाऱ्याचे पान वाढून झाकून ठेवीत. त्या घळीतील गवत हे तसेच झाकलेले पान होय.

म्हाताऱ्याची मी क्षमा मागितली. आता फिरावयास गेलो की, आधी घळीकडे पाहतो.