मंडईचा मनोरा आणि नगराचा कारभार

माघ सरून फाल्गुन लागला की आमच्या घरी सोलाण्यांच्या उसळीचा हट्ट सुरू होतो. घरात लहानमोठी अकरा माणसे असल्यामुळे भाजीची पिशवीही त्या मानानेच मोठी लागते. परवा ती पिशवी घेऊन आम्ही मंडईस निघालो, तो धाकटा नातूही मागे लागला. २०२४ च्या सप्टेंबरात मंडईचे भूमिगत मेट्रो स्थानक सुरू झाल्यापासून या मुलांस मंडई म्हणजे जमिनीखालून वर येण्याचे ठिकाण वाटते. वर येताच त्या दगडी मनोऱ्याकडे बोट दाखवून त्याने विचारले, “आजोबा, हे चर्च आहे का?” आम्ही म्हटले, “नाही रे, ही भाजीमंडई.” त्यावर दुसरा प्रश्न आला, “मग ही कोणाची?”

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. मधोमध अष्टकोनी मनोरा, त्यापासून फुटलेल्या लांब भुजा, टोकदार कमानी व वर कौलारू छप्पर अशी ही इमारत विलायती गॉथिक पद्धतीची असल्यामुळे मुलाची चूक क्षम्यच म्हटली पाहिजे. दुसऱ्या प्रश्नाने मात्र आम्हांस अडविले. तीस वर्षे शाळेत नागरिकशास्त्र शिकविले, परंतु वर्गास घेऊन मंडईत कधी आलो नाही, हे त्या क्षणी ध्यानात आले.

‘मंडई’ या शब्दाचा संबंध संस्कृत ‘मण्डपिका’ या शब्दाशी जोडतात. मध्ययुगीन शिलालेखांत मण्डपिका म्हणजे मालावर शुल्क घेण्याचे ठाणे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही ‘पण्याध्यक्ष’ व ‘शुल्काध्यक्ष’ असे दोन निरनिराळे अधिकारी सांगितले आहेत. तात्पर्य, बाजार आणि कर यांचे सख्य फार जुने. पुण्याची नगरपालिका १८५७-५८ च्या सुमारास स्थापन झाली. तिच्या व पुढे महानगरपालिकेच्या उत्पन्नाचा मोठा आधार जकात हाच होता, व तो २०१३ पर्यंत टिकला.

पूर्वी पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यापुढील उघड्या पटांगणात भरत असे. उन्हापावसात बसणाऱ्या विक्रेत्यांस छप्पर मिळावे व बाजारास शिस्त यावी, म्हणून नगरपालिकेने शुक्रवार पेठेत ही इमारत बांधविली. ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या हस्ते १८८६ च्या ऑक्टोबरात तिचे उद्घाटन झाले, आणि मुंबई इलाख्याचे तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला मिळाले. आमचे तीर्थरूप अखेरपर्यंत ‘रे मार्केट’च म्हणत.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. इंग्लंडात गावाने बाजार भरवावयाचा तर त्यास राजाची सनद लागे, आणि कित्येक गावांचा भाग्योदय अशा सनदेनेच झाला. तेथील शहरांचा कारभार करदात्यांनी निवडलेल्या सभांकडे १८३५ च्या कायद्याने आला. परंतु परगण्यांस, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या प्रदेशांस, निवडलेल्या सभा मिळाल्या त्या १८८८ च्या कायद्यानंतर. आपल्याकडे लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव १८८२ च्या मे महिन्यातला. म्हणजे रे मार्केट उभे राहिले तेव्हा इंग्लंडचा ग्रामीण परगणादेखील या विद्येत विद्यार्थीच होता! आम्ही स्वराज्याचे धडे फार उशिरा गिरविले, असे मानण्याचे कारण नाही.

परंतु या मनोऱ्याची खरी कथा पुढेच आहे. जोतीराव फुले हे १८७६ पासून काही वर्षे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. ते स्वतः माळी कुळातले. भाजीपाल्याचा व्यवहार त्यांस परका नव्हता. तरीही बाजाराच्या भव्य इमारतीवर मोठा खर्च करण्यास त्यांनी विरोध केला. हा पैसा लोकांच्या शिक्षणाकडे लागावा, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचे म्हणणे मान्य झाले नाही व मनोरा उभा राहिला. पुढे प्र. के. अत्रे नगरपालिकेत असताना त्याच इमारतीस ‘महात्मा फुले मंडई’ हे नाव देण्यात आले. ज्याने खर्चास नकार दिला, त्याचेच नाव त्या खर्चावर कोरले गेले! आमच्यासारख्या घरांत पुष्कळ वर्षे हे नाव कोणी उच्चारीत नसे. नुसते ‘मंडई’ म्हणून भागविले जाई. ते विस्मरण नव्हते, हे आता कबूल केलेले बरे.

हे सारे नातवास सांगत आम्ही नेहमीच्या ओट्यापाशी आलो. भाजीवाल्या मावशी आमचे बोलणे ऐकत होत्या. सोलाणे तागडीत टाकता टाकता त्या म्हणाल्या, “गुरुजी, एवढं सगळं ठाऊक आहे, मग जानेवारीत मत टाकायला गेला होतात का?”

आम्ही निरुत्तर झालो. २०२२ च्या मार्चात महानगरपालिकेची मुदत संपली. त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ नगराचा कारभार नगरसेवकांवाचून, प्रशासकांच्या हाती होता. २०२६ च्या जानेवारीत अखेर निवडणूक झाली. त्या दिवशी आम्ही घरीच वर्तमानपत्र वाचीत बसलो होतो. सगळे पक्ष सारखेच, असे म्हणून मोकळे झालो होतो. मावशी मात्र पहाटेचा माल लावून, नातसुनेला ओट्यावर बसवून, रांगेत उभ्या राहिल्या होत्या. “आमच्या ओट्याचं भाडं तिथं ठरतं, मग जायला नको?” एवढेच त्या म्हणाल्या.

फुल्यांची सूचना सभेत पडली, पण ती मांडावयास ते सभेत हजर होते. आम्ही तर ज्ञान असून गैरहजर. मंडई कोणाची, या प्रश्नाचे उत्तर नातवास त्या बाईंकडूनच मिळाले.

बाहेर पडताना लोकमान्यांच्या पुतळ्यापाशी नातू थांबला. पंडित मोतीलाल नेहरूंनी १९२४ च्या जुलैत अनावरण केलेला हा पुतळा. गणेशविसर्जनाची मिरवणूक येथूनच निघते. तो म्हणाला, “आजोबा, पुढच्या वेळी मीही येईन तुमच्याबरोबर.” भाजीस की मतदानास, हे आम्ही विचारले नाही. दोन्हींकरिता त्यास बरोबर न्यावयाचे, असे मात्र मनाशी ठरविले.