चोर आला कुठून?

कुणाकडे चोरी झाल्याचं कळलं, की आपल्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, ‘काय काय गेलं हो?’ किती तोळे, किती रोकड! मैत्रिणींनो, कायदा मात्र आधी वेगळंच विचारतो. चोर आत शिरला कसा? आणि दिवसा शिरला की रात्री?

आमच्या शेजारच्या वहिनी गेल्या उन्हाळ्यात नणंदेकडे गोंधळाला गेल्या होत्या. रात्री नऊला कुलूप लावलं, पहाटे पाचला परतल्या, तो न्हाणीघराच्या खिडकीचे गज वाकवलेले! गेलं काय, तर दोन पितळी समया आणि डब्यातले सहाशे रुपये. आळीतल्या सगळ्याजणी म्हणाल्या, ‘नशीब म्हणा! एवढ्यासाठी कुठे पोलिसांत जाता?’ तरी आम्ही दोघी गेलो. हवालदारांनी सगळं ऐकून घेतलं आणि कागदावर एवढंच उतरवलं, ‘समया व रोकड चोरीस गेली, किंमत सुमारे साडेतीन हजार.’

खरी गोम इथेच आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या इंडियन पीनल कोडच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तेव्हापासून पाच हजारांच्या आतली साधी चोरी अदखलपात्र धरली जाते. म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाशिवाय पोलिसांना तपासच करता येत नाही. चोर पहिल्यांदाच दोषी ठरला आणि त्यानं वस्तू परत केली, तर शिक्षा समाजसेवेची. घरफोडीला ही पाच हजारांची फूटपट्टी नाही. समई गेली काय नि काहीच न गेलं काय, वाईट हेतूनं घर फोडून आत शिरणं हाच गुन्हा. वहिनींनी शांतपणे सांगितलं, ‘साहेब, गज वाकवून आला आणि रात्रीच आला, हेही लिहा.’ तसं लिहिलं गेलं, आणि प्रकरणाचं वजनच बदललं.

आपल्याला वाटतं, घरफोडी म्हणजे भिंत फोडणं नाहीतर कुलूप तोडणं. तेवढंच नाही. खिडकीतून शिरणं, भिंतीवर चढून येणं, आपण लावलेली कडी काढणं, दारात उभ्या असलेल्याला ढकलून किंवा धाक दाखवून घुसणं, हीसुद्धा घरफोडीच. १८६० च्या जुन्या कायद्यात याची उदाहरणं दिली होती, ती वाचताना मला गंमत वाटली. दाराच्या भोकातून तार घालून कडी उचलली, घरफोडी. तुमची हरवलेली किल्ली सापडली नि तिनं दार उघडलं, तीही घरफोडी! (आपल्याकडे किल्ली तुळशीवृंदावनात ठेवायची पद्धत आहे. ती चोरालाही ठाऊक असणारच.) चोरीच्याच हेतूनं कार्याच्या गर्दीत आत आलेला माणूस जाताना मागची कडी काढून पळाला, तरी तेच. सताड उघड्या दारातून कुणी सरळ येऊन घड्याळ उचललं, तर मात्र ती सहसा नुसती चोरी.

शिक्षा कशी चढत जाते पाहा. साध्या चोरीला जास्तीत जास्त ३ वर्षं, राहत्या घरातल्या चोरीला ७. चोरीसाठी दिवसा घर फोडलं तर १० पर्यंत. सूर्यास्तानंतर, सूर्योदयापूर्वी फोडलं तर १४ पर्यंत. घर फोडताना कुणाला जबर दुखापत केली तर जन्मठेपसुद्धा होऊ शकते. रात्री माणसं झोपलेली, बेसावध, म्हणून रात्र जड, हे पटतं. पण दुपारी दोनला तान्ह्या मुलाला घेऊन एकटी असलेल्या बाईची भीती काही कमी नसते. तिला विचारून कायदा केला असता तर तिनं दुपारही रात्रीतच धरली असती.

तेव्हा असं काही झालं, की आपला हात आधी केरसुणीकडे जातो, तो आवरा. पंचनामा होईपर्यंत वाकलेला गज, निघालेला कोयंडा, कापलेली जाळी, कशालाही हात लावू नका. फोनवर फोटो तेवढे काढा. घर शेवटचं नीट कधी पाहिलं होतं नि बिघडलेलं कधी दिसलं, त्या वेळा लगेच लिहून ठेवा. नंतर यजमान एक सांगतात, सासूबाई दुसरंच! जबाबावर सही करण्यापूर्वी तो पूर्ण वाचा, आणि आत कसा शिरला ते त्यात आलंय ना, हे बघा. फिर्यादीची नक्कल फुकट मिळते, ती मागून घ्या. ठाण्यात नोंदवूनच घेतली नाही, तर सगळी हकीकत लिहून पोलीस अधीक्षकांना टपालानं पाठवता येते.