डॅशबोर्डच्या मागचं काम

दसऱ्याला शोरूममधून गाडी बाहेर पडते आणि दिवाळीच्या आत आमच्याकडे येते. ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात गाडीत स्टिरिओ, कॅमेरा, ॲम्प्लिफायर बसवणाऱ्या प्रत्येकाच्या वर्षाचं गणित याच दिवसांवर उभं असतं. एमएच-०४ आणि एमएच-०५ च्या कोऱ्या पाट्या दुकानाबाहेर रांगेत उभ्या राहतात. गिऱ्हाईक ठरवूनच आलेलं असतं. स्क्रीन किती इंची, कंपनी कोणती, वॉट किती, हे त्याचे प्रश्न, आणि ते चुकीचे नाहीत. पण गाडीत गाणं कसं वाजेल आणि वायरिंग पुढची दहा वर्षं बिनतक्रार राहील का, हे खोक्यातल्या वस्तूपेक्षाही बसवणाऱ्याच्या हत्यारांवर ठरतं. त्या हत्यारांबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून लिहितो आहे.

आमच्या भागाला गाड्या नव्या नाहीत. मानपाड्याजवळच्या प्रीमियरच्या कारखान्यात नव्वदच्या दशकात प्यूजो ३०९ तयार होत होती. कारखाना गेला, आता तिथे टॉवर आहेत आणि प्रीमियर हे नाव मैदानापुरतं उरलं आहे. त्या काळातल्या पद्मिनीत किंवा मारुती ८०० मध्ये स्टिरिओ बसवायला एक पक्कड, एक स्क्रू ड्रायव्हर आणि टेस्ट लॅम्प पुरे होता. बॅटरीची एक वायर, चावीची एक, अर्थिंग बॉडीला, दोन स्पीकर, झालं काम. टेस्ट लॅम्प म्हणजे टोकाला सुई आणि दांड्यात बल्ब. वायरीत सुई टोचायची, बल्ब पेटला की करंट आहे.

आजच्या गाड्यांमुळे टेस्ट लॅम्प मी दुकानातच ठेवत नाही. १ जुलै २०१९ पासून नव्या बनणाऱ्या प्रत्येक मोटारीत निदान चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. स्टिअरिंगखाली आणि डॅशबोर्डमागे पिवळ्या आवरणातून जाणाऱ्या वायरी तिच्या असतात. बल्ब पेटायला जेवढा करंट लागतो तेवढा त्या वायरींतून जाऊ देणं म्हणजे एअरबॅग फुटण्याची जोखीम घेणं. पिवळ्या कपलरला मी मीटरची पिनसुद्धा लावत नाही. डॅशबोर्ड खोलायच्या आधी १० नंबरचा पाना घेऊन बॅटरीची मायनस काढायची आणि काही मिनिटं थांबायचं, हा आमच्याकडचा नियम आहे. थांबणं गिऱ्हाइकाला आवडत नाही. तरी थांबायचं.

टेस्ट लॅम्पची जागा डिजिटल मल्टिमीटरने घेतली आणि माझ्या पेटीतलं सगळ्यांत लाडकं हत्यार तेच आहे. आपल्या महाप्याला तयार होणारा मेकोचा मीटर मी वर्षानुवर्षं वापरतो. गाडी आत आली की पहिलं काम स्टिरिओचं नसतं, मीटरचं असतं. इंजिन बंद असताना बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं पाहिजे, चालू केल्यावर १३.८ ते १४.४. यात खोट असेल तर आधी बॅटरीवाल्याकडे किंवा अल्टरनेटरवाल्याकडे जा, असं मी स्पष्ट सांगतो. त्यात त्या दिवसाचा धंदा गेला तरी चालेल.

हल्ली स्टिअरिंगवरची बटणं, पार्किंग सेन्सर, दरवाज्याची सूचना हे सगळं एकमेकांत पिळलेल्या दोन वायरींवरून बोलतं. ही कॅन नावाची पद्धत बॉश कंपनीने १९८६ मध्ये जगासमोर आणली. निळी वायर दिसली की ॲम्प्लिफायरची आणि नारिंगी दिसली की दिव्याची, हे पाठांतर या गाड्यांत उपयोगाचं नाही. बॅटरी काढलेली असताना त्या दोन वायरींमध्ये मीटर लावला की ६० ओहम दिसतात, कारण दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. ६० दिसले की त्या जोडीला हात लावायचा नाही. तिथे फक्त त्या गाडीसाठी बनलेला कॅनचा डब्बा कपलरने जोडायचा. मीटर नसता तर ती जोडी स्पीकरची समजून कुणीतरी कापली असती, आणि काही जण कापतातही.

मीटरचं दुसरं काम आमच्या भागात फार मोलाचं आहे. इथली बरीच मंडळी नोकरीला लोकलने जातात. गाडी सोमवार ते शुक्रवार सोसायटीत उभी आणि शनिवारी बाहेर निघते. अशा गाडीत बंद अवस्थेतही थोडा थोडा करंट खाणारी एखादी वस्तू राहिली की शनिवारी सेल्फ लागत नाही. घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीतली एक हॅचबॅक याच तक्रारीने आली. बॅटरी नवी, अल्टरनेटर ठीक. मायनस काढून मीटर मध्ये घेतला, लाल पिन १० अँपिअरच्या भोकात. दरवाजा उघडा ठेवून त्याचं कुलूप स्क्रू ड्रायव्हरने फिरवून घेतलं, म्हणजे गाडीला वाटतं दार लागलं. मग गाडी लॉक करून अर्धा तास तसंच बसायचं, कारण गाडीतले कंट्रोलर हळूहळू झोपतात. ते झोपल्यावर आकडा ०.०५ अँपिअरच्या आत यायला हवा. इथे ०.६ वर अडून बसला होता. एकेक फ्यूज काढत गेलो तरी हलेना. सीटखालच्या ॲम्प्लिफायरचा, बॅटरीजवळचा फ्यूज काढला तसा धाडकन खाली आला. ॲम्प्लिफायरची निळी वायर, जी स्टिरिओ चालू झाला की त्याला उठवते, ती कुणीतरी थेट बॅटरीच्या वायरीला पिळून ठेवली होती. तो रात्रंदिवस जागा होता. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी ०.६ ने अडीच दिवसांत रिकामी होते, ०.०५ ने तिला महिना लागतो. मालकांनी त्यापायी दोन बॅटऱ्या बदलल्या होत्या.

आता क्रिंपर, म्हणजे वायरीवर टर्मिनल दाबून बसवायचं हत्यार. कल्याण-शिळ रस्त्यावरून रोज जाणाऱ्या गाडीला काय सोसावं लागतं, ते त्या रस्त्याने जाणाऱ्याला सांगायला नको. डाग दिलेला सांधा, म्हणजे सोल्डर केलेला, टेबलावर उत्तम असतो. पण शिसं-कथील वायरीच्या बारीक तारांमध्ये झिरपतं आणि जिथवर झिरपतं तिथवर वायर कडक होते. जिथे कडक भाग संपून मऊ भाग सुरू होतो, तिथेच हादऱ्यांनी तारा एकेक करून तुटतात. म्हणून पीसीबीवर सोल्डर आणि गाडीच्या वायरीवर क्रिंप, असं माझं ठाम मत आहे. यावर माझ्याच धंद्यातले लोक माझ्याशी भांडतात.

क्रिंप म्हणजे पक्कडीने चेपणं नव्हे. रॅचेटचं क्रिंपर एकदा दाबायला घेतलं की पुरतं मिटल्याशिवाय उघडत नाही. हात दमला, लक्ष गेलं, तरी अर्धवट दाब राहत नाही. वायर ६-७ मिलिमीटर सोलायची, एकही तार न तोडता. टर्मिनलला दोन जोड्या पंख असतात, पुढचे तांब्यासाठी आणि मागचे प्लास्टिकच्या आवरणासाठी. जबडा मिटत जातो तसे पुढचे पंख आत वळतात आणि दोन्ही बाजूंनी तारांच्या पोटात शिरतात. रॅचेट सुटल्याचा आवाज आला की टर्मिनल हातात घेऊन वायर जोराने ओढायची. निघाली तर आत्ता निघू दे, कल्याणच्या पत्री पुलावर नको. चांगल्या क्रिंपमध्ये तारा इतक्या घट्ट बसतात की मध्ये हवेला जागा राहत नाही, त्यामुळे पावसाळ्यात तांब्यावर हिरवट पूट चढत नाही. खाडीकाठच्या आपल्या दमट हवेत ही गोष्ट फार महत्त्वाची आहे.

असं क्रिंपर घ्यायला मी मशीद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीटला जातो. इलेक्ट्रॉनिक सामानासाठी लॅमिंग्टन रोड. ऑनलाइन मिळतं, पण जबडा हातात घेऊन उजेडाकडे धरून दोन्ही बाजू सारख्या मिटतात का, ते पाहिल्याशिवाय क्रिंपर घेऊ नये. साधी पक्कड, कटर, नोज प्लायर मात्र मी डोळे मिटून टपारियाचे घेतो. नाशिकला सातपूरला बनतात आणि टिकतात. खंडेनवमीला आम्ही सगळी हत्यारं धुऊन-पुसून मांडतो, झेंडू वाहतो. क्रिंपरच्या सांध्यांना तेल आणि मीटरला नवा सेल त्याच दिवशी पडतो.

डॅशबोर्ड उघडायला नायलॉनच्या चपट्या पट्ट्या हव्यात, स्क्रू ड्रायव्हर नको. पट्टी फटीत सरकवून क्लिप कुठे आहे ते चाचपायचं आणि तिच्या शेजारीच जोर द्यायचा. स्क्रू ड्रायव्हरने प्लास्टिकवर कायमचा वण पडतो. तुटलेली क्लिप पाच-दहा रुपयांची असते, पण ती न बदलता पॅनेल तसंच बसवलं की खडखड सुरू होते, आणि महागड्या स्पीकरच्या पैशांत ती खडखड ऐकत बसावी लागते.

टेप कापडी वापरायची. काळी पीव्हीसी टेप स्वस्त आहे, पण उन्हात उभ्या बंद गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांच्या घरात जातो. तेवढ्या उष्णतेत तिचा गोंद पातळ होऊन वाहतो, टेप सुटते आणि सांधा उघडा पडतो.

वायर ओढायची स्प्रिंग घरच्या वायरमनकडे असते तीच, फक्त बारीक. रिव्हर्स कॅमेऱ्याची वायर डिकीच्या दारातून छताकडे नेताना तिची कसोटी लागते. दार आणि बॉडी यांच्यामध्ये एक रबरी नळी असते. ती आधीच गाडीच्या वायरींनी भरलेली, आत जेमतेम बोटभर फट. नळीची दोन्ही टोकं सोडवायची, आत सिलिकॉनचा स्प्रे मारायचा, स्प्रिंग घालायची, टोकाला कॅमेऱ्याची वायर टेपने निमुळती बांधायची आणि ओढायची. या कामाला वेळ लागतो, म्हणून घाईतला माणूस वायर नळीबाहेरून, रबरी पट्टीखालून घेतो. दिसायला फरक नाही. पहिल्या पावसात त्या पट्टीखालून पाणी येतं आणि डिकीचा गालिचा कुजतो.

पावसाळा आमच्या धंद्याचा खरा परीक्षक आहे. २६ जुलै २००५ ला या पट्ट्यात किती गाड्या पाण्याखाली गेल्या, ते त्या रात्री इथे असलेल्यांना आठवत असेल. एवढा पूर रोज येत नाही, पण सीटखालचा गालिचा दर पावसाळ्यात ओला होतो. म्हणून ॲम्प्लिफायर गालिच्यावर टेकवायचा नाही, पट्ट्यांवर उचलून बसवायचा. इंजिनकडून आत येणाऱ्या वायरीला भोकाच्या आधी खाली एक झोका ठेवायचा, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोक्याच्या तळाशी येऊन गळतं, आत येत नाही. त्या भोकात रबरी ग्रोमेट हवंच. पत्र्याची धार काही महिन्यांत वायरीचं आवरण कापते आणि मग बॅटरीचा सगळा करंट बॉडीत उतरतो. म्हणून बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज. फ्यूज ॲम्प्लिफायर वाचवायला नसतो, ती वायर पेटू नये म्हणून असतो. मागे सीएनजीची टाकी असेल, आणि आपल्याकडे कितीतरी गाड्यांत ती असते, तर मी डिकीत सबवूफरचा डब्बा बसवत नाही. सीटखालचा चपटा सबवूफर देतो किंवा काम नाकारतो.

फ्यूजवरून वॉटचं खरंखोटंही कळतं. स्टिरिओवर ‘५० गुणिले ४’ छापलेलं असतं. मागे फ्यूज १० अँपिअरचा. १४.४ व्होल्ट गुणिले १० म्हणजे १४४ वॉट, तेवढेच सलग आत जाऊ शकतात. मग बाहेर २०० कुठून येणार? सलग मिळतात ते चॅनेलमागे वीसच्या आसपास, आणि शहरात रोज ऐकायला ते पुष्कळ झाले. खरे २०० वॉट हवे असतील तर वेगळा ॲम्प्लिफायर आणि तीसेक अँपिअर वाहून नेणारी तांब्याची वायर लागते. इथे माझं हत्यार साधं ब्लेड आहे. वायरीची तार खरवडून पाहायची. लालसर थराखाली पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनिअमची. तेवढ्याच जाडीत ती तांब्याच्या मानाने दोन तृतीयांशसुद्धा करंट धड नेत नाही आणि दमटपणात लवकर सडते.

शेवटी आवाज लावायचा. गेन म्हणजे आवाज वाढवायचं बटण नव्हे, हे आमच्याकडच्या पोरांना मी पहिल्या आठवड्यात शिकवतो. ५० वॉटचा चॅनेल आणि ४ ओहमचा स्पीकर असेल तर ५० गुणिले ४, त्याचं वर्गमूळ, १४.१ व्होल्ट. स्पीकर सोडून ठेवायचे, ५० हर्ट्झचा सूर लावायचा, मीटर एसीवर ठेवायचा आणि १४.१ ला गेन थांबवायचा. सूर ५० चाच, कारण साध्या मीटरची एसी मोजणी ४०० हर्ट्झच्या वर भरवशाची नसते. त्यानंतर मीटर बाजूला ठेवून कान. मी तपासतो ते लता मंगेशकरांच्या जुन्या गाण्यावर आणि एका ढोल-ताशाच्या रेकॉर्डिंगवर. आवाज डॅशबोर्डच्या मधोमध उभा राहिला पाहिजे. तो विखुरला, ढोलाचा दम गेला, तर बहुधा एका स्पीकरची प्लस-मायनस उलटी आहे. दीड व्होल्टचा सेल त्याच्या वायरींना क्षणभर टेकवायचा. पडदा बाहेर आला तर सुलट, आत गेला तर उलट.

दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर नवी गाडी घेऊन जायची इच्छा मला कळते. पण तेवढ्यासाठी धनत्रयोदशीच्या संध्याकाळी गाडी घेऊन येऊ नका. नुसती स्क्रीन कपलरला कपलर लावून बसवायची असेल तर दोन तासांत होईल. ॲम्प्लिफायर, कॅमेरा, दरवाज्यांचं डॅम्पिंग असं काम असेल तर गाडी दिवसभर सोडावी लागते. तुम्ही कुठेही जा, आपल्या ओळखीच्या मेस्त्रीकडे जा, पण पॅनेल बंद करण्याआधी सांधे दाखव म्हणून सांगा, बॅटरीजवळचा फ्यूज स्वतः पाहा आणि जुना स्टिरिओ, त्याची ब्रॅकेट, स्क्रू मागून घ्या. गाडी विकताना लागतात. तुळशीचं लग्न लागलं की आमच्याकडची गर्दी ओसरते. मोठं काम असेल तर तेव्हा या.